बोगद्यातला पोकळ आवाज

मित्रांनो, मी हातोडा आहे. चांगला म्हातारा झालोय, पण आजवर एकही खिळा ठोकलेला नाही. नवल वाटलं ना? माझं काम ठोकण्यापेक्षा ऐकण्याचं जास्त. सिमेंटच्या भिंतीवर मला हलकेच मारलं की भिंत बोलते. ती आतून भरीव असेल, तर 'टण्ण' असा स्वच्छ आवाज येतो. आत पोकळी असेल, तर 'भद्द'. माझं सारं आयुष्य या दोन आवाजांत गेलं.

एका लोहाराने मला घडवलं. लिंबाएवढं गोल डोकं आणि हातभर लांब, लवचीक दांडा. रेल्वेच्या भांडारातून मी नव्यानेच नोकरीला लागलेल्या एका तपासनीस बाईंच्या हाती पडलो. पहिले सहा महिने त्यांना दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. हिरमुसून त्या मला घरी न्यायच्या आणि टेबल, उंबरा, पाण्याची टाकी, जे दिसेल ते वाजवून बघायच्या. मग एके दिवशी त्यांचे कान उघडले ते उघडलेच. डॉक्टर रोग्याच्या पाठीवर बोटं वाजवतो, तसे त्या पूल आणि बोगदे वाजवत. म्हणून कामगारांनी त्यांचं नाव 'डॉक्टरीणबाई' ठेवलं.

बारा वर्षं आम्ही जुन्या मार्गांवर काम केलं. मग आमच्या गावाजवळ अतिवेगवान रेल्वेचं काम निघालं. गाव आणि मोठं शहर यांच्या मध्ये एक भला थोरला डोंगर होता. घाटरस्त्याने पलीकडे जायला साडेचार तास लागत. नवी गाडी डोंगराच्या पोटातून एकोणीस मिनिटांत जाणार होती! दोन्ही बाजूंनी बोगदा खणत आलेली माणसं आठ वर्षांनी मध्यावर भेटली, तेव्हा दोन तोंडांमधला फरक दोन बोटांचासुद्धा नव्हता. कामगारांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी बाईंच्या पट्ट्याला लटकलेला होतो. माणसाच्या हातून एवढं अचूक काम होतं, हे बघून माझं लोखंडी काळीजही भरून आलं.

सगळ्यांनाच हे कौतुक नव्हतं. बाईंचे वडील एकतीस वर्षं त्याच घाटात बस चालवून निवृत्त झाले होते. ते रोज जेवताना कुरकुरत.

"एवढ्या पैशात दर गावात दवाखाना झाला असता. आणि घाटातल्या खानावळी बंद पडतील, त्या चालवणाऱ्यांनी काय करायचं?"

"बाबा, तुमचं खोटं नाही," बाई म्हणत, "पण मला गाडी हवीय."

का हवी होती, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचे यजमान पलीकडच्या शहरात शाळामास्तर होते. ते तिथे भाड्याच्या खोलीत राहत आणि फक्त रविवारी घरी येत. सहा वर्षांच्या लेकीला वाटे, बाबा म्हणजे रविवारी येणारा माणूस.

काम संपत आलं, तशी माझी मात्र उपेक्षा सुरू झाली. बोगदा तपासायला एक नवी यंत्रगाडी आली. ती रुळांवरून सावकाश जाई आणि भिंतीच्या आतलं चित्र पडद्यावर दाखवी. तिने साऱ्या बोगद्याला पास केलं. मी कपाटात पडून राहिलो. माझा दांडा सुकला, डोक्यावर गंज धरला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

उद्घाटनाला आठ दिवस उरले. मास्तरांनी खोली सोडत असल्याचं घरमालकिणीला सांगूनही टाकलं. नियमाप्रमाणे हाताने वाजवून करायची शेवटची पाहणी मात्र बाकी होती. बाईंनी मला बाहेर काढलं, गंज पुसला, दांड्याला तेल लावलं. उंच शिडीच्या गाडीवर उभं राहून त्या छताचा एकेक सांधा वाजवत निघाल्या. टण्ण, टण्ण, टण्ण.

आणि मग, भद्द.

बाईंचा हात थबकला. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा भद्द.

"ताई, यंत्रानं पास केलंय ते," खालून मदतनीस म्हणाला. "आता आठ दिवसांवर आलंय सगळं. राहू द्या ना."

हा आवाज तिथे उपस्थित असलेल्यांपैकी फक्त बाईंनाच कळला होता. त्या गप्प बसल्या असत्या, तर पुढच्या आठवड्यात मास्तर घरी राहायला आले असते.

त्यांनी खडूने छतावर मोठं वर्तुळ काढलं आणि थेट मोठ्या साहेबांची कचेरी गाठली. साहेब प्रकल्पाचे मुख्य अभियंता. पाहुण्यांची यादी बघत बसले होते.

"साहेब, छतात पोकळी आहे. गाडी त्या वेगाने आत शिरली की हवेचा दणका बसतो. तुकडा निखळू शकतो."

"नक्की?"

"माझे कान तसं सांगतायत."

साहेबांनी चष्मा काढला. आधीच दोन वर्षं उशीर, वर्तमानपत्रांची रोजची टीका. ते रागावतील असंच मला वाटलं. पण ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला. मला शिडीवर चढवा."

त्यांनी मला स्वतः हातात घेतलं. वर्तुळाबाहेर मारलं, आत मारलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मग खाली बघून एवढंच म्हणाले, "फोडा."

सिमेंट कापलं, तर आत घागरभर पोकळी! यंत्र काही खोटं बोललं नव्हतं. त्या जागी लोखंडी जाळी फार दाट होती, तिच्यापलीकडचं त्याला दिसलंच नव्हतं. उद्घाटन पुढे ढकललं. अशा दाट जाळीची प्रत्येक जागा हाताने तपासायची ठरली. सात आठवडे मला क्षणाची उसंत नव्हती.

बाईंनी मास्तरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"अगं, मी खोली सोडतोय म्हणून सांगून बसलोय!"

"माहीत आहे हो."

"बरं. नीट वाजवून बघितलंस ना? मग झालं. मालकिणीचे पाय धरतो, दुसरं काय!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'पुन्हा उशीर' असं ठळक छापून आलं. वडील आता तोंडसुख घेणार, म्हणून बाईंनी आधीच सगळी हकीकत सांगून टाकली. वडिलांनी पेपर घडी करून ठेवला.

"साहेब स्वतः चढला शिडीवर?"

"हो."

"एकदा मी डेपोत सांगितलं होतं, बसचा ब्रेक धड नाही. म्हणाले, वेळ झालीय, काढ गाडी. बेचाळीस माणसं होती आत. घाट उतरेपर्यंत माझा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता. तेव्हा कुणी खाली येऊन साधं चाकाकडे बघितलं नाही, पोरी." मग म्हणाले, "तुझी गाडी सुरू झाली की माझं तिकीट काढ."

गाडी सुरू झाली. एका मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. लेकीने उघडलं, तर समोर मास्तर! ती गोंधळून आत ओरडली, "आई, आज रविवार आहे का गं?"

घाटातल्या दोन खानावळी खरंच बंद पडल्या, हेही सांगायला हवं. एकीचा मालक आता स्थानकावर जेवण देतो, दुसऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. एवढी मोठी कामं कुणाला ना कुणाला पोळतातच. तरीही त्या सकाळी पहिली गाडी वाऱ्यासारखी बोगद्यातून गेली आणि छताचा एक कणही हलला नाही, तेव्हा हे काम करण्याजोगं होतं, असंच मला वाटलं.

मित्रांनो, पुढे तुम्हीही मोठमोठी कामं कराल, माझ्या कल्पनेपलीकडची. जरूर करा. फक्त घाईच्या वेळी कुणी येऊन म्हणालं, "इथे काहीतरी पोकळ वाजतंय", तर त्याच्यावर खेकसू नका. तो माणूस तुमच्या कामाचा वैरी नसतो. टोपी घाला, आणि आधी शिडी चढा.