लाल चिंधीची सात झुडपं

घरामागच्या उतारावर नुसते गोटे. तिथे सुनेने चार वर्षांपूर्वी साठ काटेरी झुडपं लावली. पुस्तकात त्याला सीबकथॉर्न म्हणतात, आम्ही आंबटकाटा. इतक्या उंचावर थंडीवाऱ्यात तोच तग धरतो. मुळं माती धरून ठेवतात, पाल्याचा चहा होतो, बोरांसारख्या नारिंगी फळांचा रस वर्षभर टिकतो.

माझा मात्र विश्वास नव्हता. सगळ्यांसमोर बोलून बसलो, "यंदा फळ नाही धरलं, तर उपटून बटाटे लावीन."

"लावा," सून म्हणाली. चार वर्षं झुडपांना पाठीवरून पाणी वाहून घातलं होतं तिने. तोंड एवढंसं झालं.

बर्फ वितळला तशी ती उतारावर गेली आणि धावतच परत आली.

"आबा, लाल चिंध्या बांधलेली सात झुडपं कुठे गेली?"

"चुलीत," मी ऐटीत सांगितलं. "उपटायची म्हणून खूण केली होतीस ना? म्हटलं, तेवढाच हातभार."

ती मटकन पायरीवर बसली. "आबा, ते नर होते! त्यांचा पराग वाऱ्याने आला तरच बाकीच्यांना फळ."

"मला काय ठाऊक? त्यांना स्वतःला फळ येतं का?"

"नाही येत."

"मग?"

आतून बायको कडाडली, "मग काय मग? चाळीस वर्षं मीही एक बिनफळाचा सांभाळलाय. टाकला का चुलीत?"

सून हसली, पण डोळे भरलेलेच होते. दारामागच्या खिळ्याला तिची वही टांगलेली होती. मी ती उघडली, तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: 'लाल चिंधी नर. हात लावू नये.' मी वाचायला साठीनंतर शिकलो, पण वाचायची सवय अजून लागली नव्हती.

आता माझंच म्हणणं खरं ठरणार होतं, आणि तेच मला नको झालं होतं.

आठ दिवसांनी झुडपं फुलली. मी कोयता घेऊन नदीच्या पात्रात उतरलो. तिथे आंबटकाटा रानोमाळ. फांदीवर टिचकी मारायची, पिवळी धूळ उडाली की तो नर. भारा पाठीवर घेऊन चढलो. काट्यांनी सदऱ्याची चाळण केली, खालच्या माझीही.

सुनेने तेलाचे रिकामे डबे पाण्याने भरले. वारा येतो त्या कडेला आम्ही फांद्या डब्यांत उभ्या केल्या.

आणि वारा पडला! जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, छपराचे पत्रे ज्याने दोनदा नेले, त्याची मी दोन दिवस वाट पाहिली.

"फुंकर मारून बघा," बायको म्हणाली.

तिसऱ्या सकाळी माझी टोपी उडाली. टोपी गेली खड्ड्यात, मी उतारावर पळालो. पिवळा धुरळा झुडपांवरून सरकत होता आणि सून टाळ्या वाजवत होती.

झुडपं लगडली, आणि पहिल्या कडक थंडीत बोरं गोठली; गोठली की ती सहज झडतात. फांद्या छाटून चादरीवर काठीने झोडल्या, तर चादर तिघांना उचलेना. रस इतका आंबट, की बायकोचा एक डोळा बराच वेळ उघडला नाही.

पुन्हा बर्फ वितळल्यावर सुनेने सात नवे नर लावले. बायकोने चिंध्या फाडल्या आठ. आठवी माझ्या कोटाच्या गुंडीला बांधली.

"हाही उपटायचा नाही," सुनेला म्हणाली.

बटाटे मी अंगणातच लावले. दोन ओळी.