मासे चालत न्हाईत

“मावशी, मासे चालतात का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई चालत,” आसराबाई म्हणाली.

डॉक्टर हळहळले. मासे सोसत नसतील तर हा उपचार देता येणार नाही, असं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

जाफराबादकडच्या या मेंढपाळ बाईच्या नडगीचं हाड मोडून वर्ष होत आलं, तरी ते जुळायचं नाव घेत नव्हतं. कोळंबीची टरफलं आणि माशांची खवलं, म्हणजे बंदरावर जे उकिरड्यात जातं ते, शुद्ध करून त्याचा लगदा मोडल्या जागी भरायचा आणि त्याच्या आधारानं हाड वाढू द्यायचं, असा प्रयोग जालन्याच्या त्या दवाखान्यात चालला होता.

आसराबाईच्या आईची मुलं जगत नव्हती. ती डोहातल्या साती आसरांना, पाण्यातल्या सात देवींना, नवस बोलली: पोर जगली तर तुमचं नाव ठेवीन, तुमचा मासा तिच्या तोंडाला लागू देणार नाही. पोर जगली. साठी उलटली तरी तिनं मासा चाखला नव्हता. मटण मात्र ती आवडीनं खाई, उगीच खोटं कशाला बोला.

नवऱ्याला, म्हस्कूला, वाटलं, बरं झालं, नवसही मोडला नाही आणि नाही म्हणायचा वाईटपणाही आपल्यावर आला नाही. तो पिशवी भरू लागला. आसराबाई पायाकडे बघत बसली. घरी मेंढरं सून वळायची आणि हिनं ओट्यावर बसून लांब जाणाऱ्या घंटा ऐकायच्या. मेंढरांमागं चालण्यातच जिचा जन्म गेला, तिला हे सोसत नव्हतं. तिला रडू आलं. मग राग आला, कुणाचा ते तिलाही कळेना.

तिनं डॉक्टरांना परत बोलावलं. “सोसत न्हाईत असं न्हाई, सायेब. मी कधी खाल्लेच न्हाईत. नवस हाये.”

म्हस्कू चपापला. “आन् आसरांचं काय?”

“समिंदर असू दे न्हाई तर डोह, पाण्यातलं समदं त्यांचंच. जलमभर मी त्यांच्या लेकरांना हात लावला न्हाई. आता पायापुरतं त्याच देऊन राह्यल्या, तर न्हाई कसं म्हणू? आई तोंडाचं बोलली व्हती. पायाचं कुठं बोलली?”

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या आणि मगच लगदा भरला.

हाड धरल्यावर ती डोहावर गेली. शेंदूर फासलेल्या सात दगडांना तिनं हळदकुंकू वाहिलं, पाण्यात कणकेच्या गोळ्या सोडल्या. मग काठी काठावर ठेवली आणि लुगडं सावरत पाण्यात उतरली. म्हस्कू मागून आत जाऊ नको म्हणत होता.

“वळखता का?” तिनं हळूच विचारलं.

गोळ्या संपवून मासे तिच्या नडगीशी आले. पाय न हलवता ती उभी राहिली.