मुखपृष्ठावरचा मुकादम

माझी बायको शिवकन्या ऊसतोडीला गेली की पाचटाच्या कोपीत बसून वहीत लिहायची. तिला जाऊन आठ महिने झाले. वहीचं पुस्तक व्हावं, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. छापायला कुणी तयार होईना, म्हणून ई-बुक करायचं ठरवलं. माजलगावात उत्तरेश्वरचं फ्लेक्सचं दुकान आहे. वही टाइप करून, मुखपृष्ठ बनवून फाईल नेटवर चढवायचं काम त्यानं घेतलं. तिचा एकच फोटो होता, डोक्यावर उसाची मोळी घेतलेला. तो दिला.

आज मुखपृष्ठ बघायला गेलो. पडद्यावर वरती, आता पुढारी झालेल्या बंकटरावांचा हात जोडलेला फोटो, निम्मं पान भरून. शिवकन्या खाली कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. मोळी कापून टाकलेली, गळ्यात हार.

"हे कशाला टाकलं रे?"

"तात्या, वर कुणीतरी लागतंच की. वाढदिवस असो न्हाईतर श्रद्धांजली, साहेबाशिवाय आमी एक फ्लेक्स काढत न्हाई. हात आपोआप जातो. आन् तुमचे मुकादमच होते की ते."

"हे चौकात टांगायचं हाय का?"

"साहेबाला पाहून चार लोक उघडतील तरी."

"उघडून वाचतील काय? सातवं प्रकरण तूच टाइप केलंस ना?"

"टाइप करणारा वाचत न्हाई, तात्या. नुसती बोटं चालतात."

"मग आता वाच. मोठ्यानं."

त्यानं फाईल उघडली आणि वाचायला लागला. शिवकन्याला सहावा महिना होता. फडात पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला मी ट्रॅक्टर मागितला. बंकट मुकादम म्हणाला, आधी गाडी भरा. आम्ही गाडी भरली. पोर गेलं. हे सगळं तिनं मुकादमाचं नाव घालून लिहिलं होतं.

उत्तरेश्वर मध्येच थांबला. दाराकडे बघत हळू म्हणाला, "साहेबाला कळलं तर?"

"रामहरीतात्यानं करायला लावलं म्हण. मी घरीच असतो. आणि हा माणूस माझ्या बायकोच्या डोक्यावर बसलेला मला एक घडी बघवत नाही. काढ."

त्यानं बंकटचा फोटो पुसला. वरचं निम्मं पान मोकळं झालं.

"आता इथं काय ठेवू?"

"तिला मोठी कर. मोळीसकट. आणि तो हार काढ. लिहिताना ती जिवंत होती."

तो फोटो वाढवत गेला. मोळीच्या शेंड्याचं हिरवं वाढं पानाच्या वरच्या कडेला टेकलं, तेव्हा मी म्हणालो, "बस." वर कुणाला बसायला जागाच उरली नव्हती.