आधी सायबांचा घास

"सायब, तुमी घास घ्या आधी. तुमी घेतल्याबिगर हरेश काय खायचा नाय," चंद्रावती म्हणाली.

कॅप्टन दिनानाथ टिपणिसांच्या पुढ्यात भात आणि वालाचं बिरडं होतं. निवृत्त होऊन रोह्याला राहायला आल्यापासून ते हरेशला बघायला पेणला येत, पण जेवायला आज पहिल्यांदाच थांबले होते. शहाण्णव सालचा वैशाख होता. पडवीत शाडूचे गणपती वाळत होते. त्यांचे डोळे रंगवायचं काम चंद्रावतीचं, आणि तिच्या हाताला पेणमध्ये तोड नव्हती.

हरेश तिचा एकुलता एक. मातीत खेळलेला हा पोरगा शिष्यवृत्तीवर शिकून वैमानिक झाला, तेव्हा अख्ख्या आळीची कॉलर ताठ झाली होती. एका कंपनीच्या खासगी जेटवर तो टिपणिसांच्या शेजारी बसायचा. विमान आठ माणसांचं, इवलंसं, पण उडायचं मोठ्या विमानांच्याही वरून. आता तो पाटावर बसला होता आणि ताटाकडे बघतही नव्हता. अपघाताला वर्ष होत आलं होतं.

टिपणिसांनी घास उचलला आणि परत ठेवला.

"वहिनी, त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंय."

"सांगा ना. मशीन बिघडली म्हनलेलात."

"बिघडलीच. एवढ्या उंचावर बाहेरच्या हवेत माणूस जगत नाही. विमान आत हवा कोंडून धरतं. ती निसटली. असं झालं की शुद्ध जायला वेळ लागत नाही, म्हणून वैमानिकानं आधी स्वतःच्या तोंडावर मास्क चढवायचा, मग दुसऱ्याकडे बघायचं. हे त्याला मीच शिकवलं होतं. सरावात एकदाही चुकला नाही."

"मंग?"

"माझ्या मास्कची नळी अडकली. मी ओढतोय, निघेना. हरेशनं आधी माझी नळी सोडवली, माझ्या तोंडावर मास्क बसवला. मग स्वतःचा घ्यायला वळला, तर हात त्याचं ऐकेनात. मी त्याला मास्क लावेपर्यंत उशीर झाला होता, मेंदूला इजा झाली ती झालीच. विमान खाली आणलं. मागची माणसं वाचली, मी वाचलो."

चंद्रावती वाढता वाढता थांबली.

"मी चहाचा घोट घेतल्याशिवाय हा कधी कप उचलायचा नाही," टिपणीस म्हणाले. "मी चेष्टा करायचो त्याची. पण खरं सांगतो, मला ते आवडायचं."

या घरात थोरांनी पहिला घास घेतल्याखेरीज कुणी ताटाला हात लावत नसे. लहानपणी हरेश भुकेनं रडवेला झाला, तरी मूर्तींच्या कारखान्यातले म्हातारे दाजी येऊन पानावर बसेपर्यंत ती त्याला थांबवायची. पोराला वळण चांगलं लावलंस, असं सगळे म्हणायचे, आणि ती सुखावायची. आपण शिकवलेल्या शहाणपणानंच आपलं पोर खाल्लं, हे आज तिला कळलं. तिला मोठ्यानं रडायचं होतं, पण पाहुणा पानावर बसला होता.

"त्याची चूक नाय, सायब," ती म्हणाली. "माझंच वळण हाय ते."

टिपणिसांना तिच्याकडे बघवेना.

ती हरेशजवळ सरकली. भात कालवून तिनं घास त्याच्या ओठांशी नेला.

"खा, बाला. आजपासून आधी तू. कुनासाठी थांबायचं नाय."

हरेशनं तोंड उघडलं नाही.

"आयचं ऐक रे. पयला तू खा."

त्यानं तिचं मनगट धरलं. अपघातानंतर त्याचा हात थरथरायचा, तो आताही थरथरत होता. सावकाश, भात सांडत, त्यानं तिचा हात टिपणिसांच्या दिशेनं वळवला आणि तिथंच धरून ठेवला.

चंद्रावतीच्या हातातला तो घास टिपणिसांनी खाल्ला.

मग हरेशनं तोंड उघडलं.