बिनडोळ्याची थोरली बहीण

डोळा जरा बाजूला घ्या, मी दुर्बीण बोलतेय. कोपरखैरण्याच्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम. चंद्रावरचे खड्डे मीच खणले, असं मी टाकीवरच्या कावळ्यांना सांगते. तुम्हाला मात्र त्यातल्या त्यात खरं सांगेन.

माझं अंग म्हणजे प्लंबरकडचा जाड पाइप. आरसा मात्र खानदानी! न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरी करणाऱ्या सुगतनं त्यासाठी भंगारातून जहाजाच्या खिडकीची काच आणली. त्या काचेनं सात समुद्र पाहिलेत. मी चौदा सांगते. ती खोलगट करायची म्हणजे दोन काचांमध्ये कुरुंदाची खरखरीत पूड आणि पाणी घालून त्या पिंपावर ठेवायच्या आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. सुगत दोन रविवारांत दमला. मग त्याची आई, गिरजाबाई, पदर खोचून पुढं आली.

"सरक. तुझ्यानं व्हायचं न्हाई त्ये."

कित्येक महिने ती त्या पिंपाभोवती फिरली. माझी नजर तिच्या मनगटांतून आली.

आणि तिची गेली. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुरकटलं. एकदा तिनं मला डोळा लावला, बराच वेळ तशीच वाकून राहिली. शेवटी म्हणाली, "काय बी न्हाई." त्यानंतर तिनं गच्चीचा जिना सोडला. आंधळीला आभाळ कशाला, म्हणायची.

सुगतच्या मनानं घेतलं, की मीच छोटी पडते. जुन्नरकडं प्रचंड दुर्बिणी आहेत, विज्ञानदिनाला लोकांना दाखवतात, हे त्याला कळलं.

"आये, टेन्शन नको घेऊ. त्या आपल्या बिल्डिंगएवढ्या हायत. त्यातनं तुला दिसणारच!"

थोरल्या बहिणीची भेट व्हावी म्हणून मलाही गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातली. सगळा घाट गिरजाबाईनं माझ्या पाइपावर हात ठेवून काढला.

गेटवर सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. तिथल्या दुर्बिणींचे कान इतके तिखट, की कुणी फोनवर "जेवलास का?" विचारलं तरी ताऱ्याचं बोलणं बुडतं म्हणे. आणि मग त्या दिसल्या. शेतांच्या मधोमध, तारांनी विणलेल्या अवाढव्य ताटल्या. एकीत आमची अख्खी बिल्डिंग आडवी झोपली असती. एवढं धूड, पण कुठं कुई नाही की खट नाही. सगळ्या मिळून हळूच एका बाजूला वळल्या. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी मोठी थाप मलाही सुचली नसती.

सुगतनं आईला हाताला धरून पुढं नेलं. माहिती सांगणाऱ्या शर्मिला मॅडमना विचारलं, "मॅडम, डोळा कुठं लावायचा?"

"कुठंच नाही. ही रेडिओ दुर्बीण आहे. हिच्यातून दिसत नाही काही."

सुगतचा चेहरा पडला. "एवढ्या लांबून आईला आणलंय हो. तिला दिसत नाही, म्हणून तर…"

मॅडमनी गिरजाबाईला खुर्चीवर बसवलं आणि स्पीकर लावला. ठक… ठक… ठक… दारावर कुणी शांतपणे बोट वाजवत राहावं तसं.

"आजी, हा एक तारा आहे. जळून संपलेला. पण अजून गरगर फिरतोय, त्याचे हे ठोके."

"मेला तरी फिरतोय?"

"हो. हजारो वर्षांपूर्वी निघालेले ठोके आत्ता पोचतायत."

"अन् तुमाला दिसतो का त्यो?"

"नाही, आजी. मलासुद्धा नाही."

"म्हंजे इथं समदे माझ्यावानीच?" गिरजाबाई अशी खदखदून हसली, की रांगेतले लोकही हसले. मग पुढं वाकली, मान कलती केली आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत राहिली. सुगत डोळे पुसत ताटल्यांकडं बघत होता.

आता माझ्या आरशाची चकाकी उतरलीय, पाइपाला एक चीर गेलीय. पण गिरजाबाई रोज संध्याकाळी भिंत धरत गच्चीवर येते आणि माझ्याशेजारी स्टूल टाकून बसते. लोक येतात, क्षणभर डोळा लावतात, "वॉव" म्हणतात आणि खाली पळतात.

तुम्ही याल तेव्हा तसं करू नका. नीट बघा, आणि मग तिच्याजवळ बसून सांगा, काय दिसलं ते. रंग सांगा, कडा सांगा. थोडं वाढवून सांगितलंत तरी चालेल. मी काही बोलणार नाही.