नवाब उभा राहिला

थोरलीने गोठ्याचं फाटक पायाने लोटलं तेव्हा धाकटा भाऊ नवाबच्या अंगावरून कंगवा फिरवत बसला होता. कंगवा! गुरं वळायच्या कुत्र्याला!

"ताई, सुरी माजावर आलीय. तिचं वय बघ, ही शेवटचीच वेळ. आता चुकलीस तर बाबांचं वाण संपलं. नवाब लाव. पिल्लांना जातिवंत असल्याचे कागद मिळतील."

"कागद चावतो का रे वळूला?"

सुरी म्हणजे थोरलीची म्हातारी, एककानी कुत्री. वाण दोघांचं एकच, पण नियम दोन. बाबा म्हणायचे, वळूसमोर कच खाणारं पिल्लू ठेवायचं नाही. धाकट्याचं उलटं. कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षक समोरून येतो, जबडा उघडून बघतो. तेव्हा जे पिल्लू हललं, गुरगुरलं, ते त्याने बादलीत बुडवलं. पिढ्यान्‌पिढ्या बुडवली, आणि भिंतीवर चषक मांडले.

"तांबडा वळू त्याच्या कोठीत घालून दाखवू दे नवाबला," थोरली म्हणाली. "मग लाव खुशाल."

"हात्तिच्या! एवढंच? सुरीला तेवढी बांध. उगाच मध्ये तडमडेल."

तिने सुरीला खांबाला बांधलं. धाकट्याने नवाबला वळूच्या कुंपणात सोडलं.

वळूने मान खाली घातली आणि तो सरळ समोरून आला.

नवाबने चारही पाय रोवले. मान वर, शेपूट ताठ, नजर समोर. भित्रा नव्हता बिचारा. समोरून कुणी आलं की काय करायचं, तेच करत होता.

"हल, नालायका! हल!"

शिंग पोटात घुसलं. वळूने त्याला ओल्या पोत्यासारखं भिरकावलं. धाकटा बोंबलत कुंपणावरून आत पडला, आणि वळूने त्याला भिंतीशी चेपला. बरगड्या मोडल्या. तो आवाज थोरलीला फाटकाशी ऐकू आला.

तिने विळ्याने सुरीचा दोर कापला. सांगावं काही लागलं नाही. सुरी पोट घासत गेली, वळूची टाच फोडली, लाथ डोक्यावरून जाऊ दिली आणि गरकन फिरून नाकपुडीला लटकली. वळूने तिला भिंतीवर आपटलं. परत आपटलं. तिने सोडलं नाही. शेवटी तो हंबरत, मागे सरत कोठीत शिरला, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. थोरलीने अडसर घातला.

"शाब्बास गं, बाई माझी," धाकटा रक्त थुंकत म्हणाला आणि त्याने सुरीच्या डोक्यावर हात ठेवला. सुरी त्या हाताला कडकडून चावली.

"हिला तू लहानपणीच बादलीत घातली असतीस," थोरली म्हणाली आणि अजून धुगधुगणाऱ्या नवाबसाठी बंदूक आणायला गेली.

ती परतली तेव्हा धाकटा रडत होता. "ताई, समोरून नको जाऊस गं त्याच्या."

ती वळसा घालून गेली. पण पाऊल वाजलं, नवाबने मान वळवली, आणि आता तीच समोर होती. त्याने पुढचे पाय ओढून अंगाखाली घेतले. आतडी मातीत लोळत होती. मान वर केली. जबडा सैल सोडला, तिने उघडून बघावा म्हणून.

आजवर कितीतरी जनावरं तिने मारली होती. तिने चाप ओढला.

मग तिने सुरीचा तुटलेला सुळा बोटाने चाचपला. सुरीने तिलाही चावलं.

"खाटकाकडे एक फेंगडा कुत्रा आहे आपल्याच वाणाचा," बोट चोखत ती म्हणाली. "कुणालाच हात लावू देत नाही. तुला टाके घातले की तिकडे नेते हिला."

धाकट्याने या वेळी कागदाचं नाव काढलं नाही.