मुख्यतः हवाबंद

धारगळजवळच्या त्या कारखान्यात प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या आणि त्यांची झाकणं बनत. तिथं तपासणीचं काम करणाऱ्या गौरवीला मॅनेजर रुद्रेशने बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. झाकणाच्या पेटंटला दुसऱ्या कंपनीने आक्षेप घेतला होता. पेटंटच्या अर्जातल्या दाव्यात शब्द होते, ‘मुख्यतः हवाबंद’. मुख्यतः म्हणजे किती? शंभरात एक भाग हवा सुटली तर चालेल, की दहा?

“अर्जात शिवदासच्या वहीतल्या वजनांचा उल्लेख आहे, पण वही इथं नाही,” रुद्रेश म्हणाला. “त्याच्या घरी बघ.”

झाकणाची कल्पना इथंच काम करणाऱ्या शिवदासची. तीन वर्षांपूर्वी तो अचानक वारला होता.

नार्व्यात त्याची बायको विनोदिनी एकटीच राहायची. वही तिलाही सापडली नाही. तिने फडताळातून एक बंद नळी काढून दिली. सोबतच्या चिठ्ठीवर शिवदासच्या अक्षरात तारीख आणि वजन होतं: ४१.३०२६ ग्रॅम.

“गेले त्याच्या आदल्या दिसा तेंनी आत फुंकर मारून ही बंद केली,” ती म्हणाली. “माका परत दी हां. आणि उघडू नको गो बाय.”

गौरवीला आनंद झाला. इतक्या वर्षांनी वजन तेवढंच भरलं, तर याहून चांगला पुरावा कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नळी काट्यावर ठेवली. ४१.३०२६. मग शेवटचे आकडे चढले, एकतीस, पस्तीस, आणि सावकाश परत सव्वीसवर आले. पुन्हा चढले. तिने पंखा बंद केला, काट्याभोवतीच्या काचपेटीची दारं लावली. प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, ते स्थिर. दुसरी रिकामी नळी, तीही स्थिर. शिवदासची ठेवली की आकडे चढायचे, उतरायचे. आपल्याच श्वासामुळे असेल म्हणून ती दूर दाराशी गेली आणि श्वास रोखून उभी राहिली. आकडे थांबले नाहीत. काचेला आतून धूसर वाफ धरत होती, विरत होती, त्याच लयीत.

रुद्रेश आला. बराच वेळ बघत राहिला.

“उघड. आतली हवाच मोजू.”

“मी नाही उघडणार, सर.”

त्याने स्वतः नळी उचलली, झाकणावर अंगठा ठेवला आणि लगेच खाली ठेवून दिली. तळहात पँटला पुसत म्हणाला, “गरम आहे.”

त्या दिवशी गौरवीने अहवालात एवढंच लिहिलं: वजन स्थिर होत नाही. संध्याकाळी ती नळी रुमालात गुंडाळून नार्व्याला घेऊन गेली. विनोदिनीने ती दोन्ही हातांनी घेतली.

“किती भरली?”

“सांगता येत नाही, काकी. आकडा एका जाग्यार रवणा नाय.”

“जित्या माणसाचो खंय रवता?” विनोदिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आकड्याचा आधार न मिळाल्यामुळे दोन महिन्यांनी पेटंट नाकारलं गेलं.